पाचवा शब्द आणि धोंडिरामचं तोंड

धोंडिराम घाडी बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर आला, तेव्हा त्याच्या तोंडून जे पहिलं निघालं ती शिवी होती. पाणी गार होतं, महिना जानेवारीचा होता, सगळं मान्य. पण पन्नाशी उलटलेल्या माणसानं एवढा विचार करून पाऊल उचलायचं आणि वर आल्या आल्या पाळकाच्या तोंडावर कुणाच्या तरी आईचा उद्धार करायचा, याला काय म्हणावं?

बरं, त्याला बुडवायला कुणी निघालंही नव्हतं. आमच्या मुलुंडच्या मराठी चर्चमध्ये डोक्यावर पाणी शिंपडतात. काम होतं, माणूस कोरडा घरी जातो. पण धोंडिराम मला म्हणाला, "बाई, शिंपडून माझा काय होणार? माका बुडवा. चांगलो घोळून काढा." मग भांडुपच्या एका मंडळीकडे, म्हणजे तिथल्या चर्चकडे, हौद होता, तो एका सकाळपुरता मिळवला. त्या हौदात हे घडलं. त्या मंडळीनं नंतर आम्हाला हौद दिला नाही, हे सांगायला नकोच.

नाव बदलायचंही निघालं होतं. आमचे पाळक श्यामसुंदर पारधे तरुण आहेत, हौशी आहेत. त्यांनी सुचवलं, 'पेत्र' घ्या.

"म्हणजे काय?" धोंडिरामनं विचारलं.

"मूळ भाषेत दगड. खडक."

"म्हणजे धोंडोच ना?"

"तसं म्हटलं तर..."

"मग मी जन्मापासून पेत्रच. आईन आधीच करून ठेवल्यान. कागद कित्याक बदलूचे?"

विषय संपला. आणि खरं सांगू, नाव शोभलंसुद्धा. येशूला धरून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी बसून, मी त्याला ओळखतच नाही अशा शपथा वाहणारा, शाप देणारा शिष्य पेत्रच होता. बाकीचे शिष्य निदान गप्प पळाले.

धोंडिराम मूळचा कणकवलीकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, मुलानं टेम्पो घेतला. लोकांचं घरसामान हलवायचा धंदा. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, जिथे कुणी बिऱ्हाड बदलतं तिथे हा. फ्रिज पाठीवर घेऊन जिना चढताना त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. कपाट वळणावर अडकलं की ते शिवीशिवाय निघतच नाही, असं त्याचं अनुभवसिद्ध मत होतं. आणि त्याच्या घरी शिवी ही शिवी नसते, हेही लक्षात घ्या. त्याची म्हातारी आई गावाहून फोन करते आणि सुरुवातच करते, "मेल्या, जेवलंस काय?" ते प्रेम. "जेवलंस काय?" एवढंच विचारलं तर समजायचं, काहीतरी बिनसलंय.

आता अशा माणसाला चेतना कशी मिळाली? चेतना आमच्या चर्चमधली, नगरकडच्या घराण्यातली. आजोबा प्रचारक, वडील शाळामास्तर, घरात आवाज चढवला तरी पाप. तिच्या वडिलांनी घाटकोपर सोडून मुलुंडला घर घेतलं तेव्हा सामान हलवायला धोंडिराम आला. चेतनाची पेटी, म्हणजे वाजवायची, त्यानं टेम्पोत न ठेवता पुढे आपल्या मांडीवर ठेवून आणली. एका हातानं गाडी चालवत. रस्ताभर शिव्या देत, पण पेटीला धक्का लागू दिला नाही. चेतना म्हणाली, मला हाच पाहिजे. वडील म्हणाले, तोंड ऐकलंस का त्याचं? ती म्हणाली, पेटी बघितली का माझी?

झालं लग्न. ती दर रविवारी चर्चला, हा बाहेर टेम्पोत पेपर वाचत. अशी कित्येक वर्षं गेली. एका मे महिन्यात टेम्पोत बसवेना म्हणून तो आत आला आणि शेवटच्या बाकावर, पंख्याखाली बसला. तो स्वतःच सांगतो, "माका कोणी बोलावल्यान नाय. मी पंख्यासाठी इलंय." मग पंख्यासाठी येता येता ऐकायला लागला. मग पावसाळा आला, पंख्याची गरज संपली, तरी येतच राहिला. देव कुणाला कशानं आत घेईल याचा नेम नाही. आमच्यातले किती जण पंख्याखालीच बसून जन्म काढतात आणि एक अक्षर ऐकत नाहीत, ते मी मोजत नाही.

तर बाप्तिस्मा झाला, आणि धोंडिरामला वाटलं आता जीभही धुऊन निघाली. नव्हती. तो मला म्हणाला, "बाई, मी पाण्यात गेलंय तेव्हा तोंड मिटलेला होता. जीभ सुकीच रवली."

तरी लोक चालवून घेत होते. चर्चच्या खुर्च्या हलवायच्या, मंडप आणायचा, कुणाचं आजारी माणूस गावी न्यायचं, धोंडिराम हजर. एखादी शिवी सुटली की तो स्वतःच थोबाडीत मारून घ्यायचा, पोरं हसायची, पुढे चालू. मग आला गेल्या वर्षीचा नाताळ.

नाताळचं नाटक चेतना बसवते. रविवार शाळेची शिक्षिका तीच, पेटी तिची, गाणी तिची. त्या वर्षी उतारशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, मालकाला मोठा आवाज हवा होता, म्हणून तिनं नवऱ्याला उभं केलं. त्याला एकच वाक्य होतं. गरोदर मरीयेला घेऊन योसेफ दार ठोठावणार, यानं दार उघडून म्हणायचं, "जागा नाही." मग दार लावायचं. एवढंच.

योसेफानं दार ठोठावलं. दार होतं प्लायवूडचं, मागे टेकू नीट लावलेला नव्हता. ते सरळ धोंडिरामच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. माईक चालू होता. जे निघालं ते आईपासून सुरू होऊन पार योसेफाच्या खानदानापर्यंत गेलं. पहिल्या रांगेत आमचे बाहेरगावचे पाहुणे धर्मगुरू बसले होते. योसेफ झालेला मुलगा नववीतला, तो "जागा नाही का?" हे आपलं पुढचं वाक्य विसरून "सॉरी काका" म्हणाला. मरीया रडायला लागली. मेंढरं हसून लोळली.

सगळे हसले. मीही हसले, नाही कशाला म्हणू? चेतना हसली नाही. तिनं पेटीचा भाता बंद केला, पेटीवर कापड घातलं आणि मागच्या दारानं घरी गेली. त्यानंतर ती चर्चला आली नाही. जन्मापासून जिचा रविवार चुकला नाही, ती नव्या वर्षाच्या उपासनेला नाही, पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पेटी कापडाखालीच.

धोंडिराम मात्र येत राहिला. एकटा. पूर्वी ती आत आणि तो बाहेर असायचा, आता तो आत आणि ती घरी. शेवटच्या बाकावर अर्धी जागा मोकळी सोडून बसायचा.

एका रविवारी उपासना संपल्यावर त्यानं मला गाठलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. माका औषध सांगा. जीभ बंद करूचा."

मी विचारलं, काय काय केलंस? त्यानं यादीच दिली. तोंडात लवंग धरून गाडी चालवली; लवंग थुंकून शिवी दिली. मनगटाला रबर बांधून, शिवी आली की ओढून सोडायचं असं ठरवलं, मनगट सुजलं. चेतनासमोर शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, हात ठेवून म्हणाला, आजपासून मरेपर्यंत बंद. त्याच दिवशी विक्रोळीला एका बाईचं वॉशिंग मशीन चौथ्या मजल्यावर चढवायचं होतं.

"मग?"

"तिसऱ्या मजल्यार मेलंय."

"धोंडिराम," मी म्हटलं, "तू सगळं आपल्या मनगटावर करायला बघतोस. देवाची कृपा मागितलीस का?"

"मागलंय ना! बाप्तिस्म्याच्या दिवशी मागलंय. एकदम, सगळी."

"ती काय गावाहून आणलेली तांदळाची गोणी आहे, एकदा आणली की वर्षभर पुरली?"

"मग कशी आसता?"

मी त्याला रानातल्या मान्न्याची, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या अन्नाची, गोष्ट सांगितली. इस्राएल लोकांना सकाळी लागेल तेवढं मिळायचं, उद्यासाठी साठवलं तर किडे पडायचे. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यांच्याकडे फ्रिज नव्हतो, बाई." मी हात जोडले आणि घरी गेले. माझी सहनशक्तीही काही अमर्याद नाही.

पण त्याच आठवड्यात तो सकाळीच माझ्या दारात. चप्पल न काढता जिन्यातूनच ओरडला, "बाई, कळला! शिएनजी!"

त्याचा टेम्पो सीएनजीवर चालतो. टाकी लहान, एक दिवस जेमतेम निघतो. रोज पहाटे पंपावर रांग. तिथे कुणीतरी मध्ये घुसतंच, आणि धोंडिरामची दिवसातली पहिली शिवी तिथेच सुटायची. तर त्या दिवशी रांगेत उभं असताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला म्हणे. "काल भरलेलो गॅस आज चालत नाय, बाई. कालचो कालच संपलो. मी काय पंपवाल्याक म्हणतंय, मरेपर्यंतचो भर? रोज येतंय, रोज भरतंय, लाज वाटत नाय. मग देवाकडेच एकदम मरेपर्यंतचा कित्याक मागूचा? आज मी म्हटलंय, देवा, आजच्यापुरती भर."

"आणि?"

"दुपारपर्यंत चालली. पवईक संपली. परत मागलंय. चालत्या गाडीत."

मी त्याला चहा दिला. माझा मान्ना त्याच्या पोटात गेला नव्हता, पण सीएनजी गेला, तर जाऊ दे.

त्यानंतर सुधारणा दिसू लागली, पण तिची तऱ्हा बघा. रांगेत वेळ जावा म्हणून तो शास्त्र वाचायला लागला, तेही जुन्या करारातून, राजांच्या गोष्टी. मला भेटून म्हणतो कसा, "बाई, शास्त्रात काय एकेक शिव्ये आसत!"

"शिव्या? कुठे?"

"नबुखद्नेस्सर!"

"अरे, ते नाव आहे! बाबेलच्या राजाचं!"

"आयकाक कसा वाटता बघा. तोंड भरता."

आणि तेव्हापासून मुलुंडच्या रस्त्यावर ते सुरू झालं. रिक्षा आडवी आली की टेम्पोतून आवाज: "ए नबुखद्नेस्सरा! इंडिकेटर खंय गेलो तुझो?" दुचाकीवाला डावीकडून घुसला की, "तिग्लथ-पिलेसर!" चेकनाक्यापाशी एका रिक्षावाल्यानं गाडी थांबवून त्याला विचारलं, "चाचा, ये कौनसी गाली है? अपुन को भी सिखाओ." त्यानं शिकवली. आता त्या स्टँडवर चार पोरं एकमेकांना सन्हेरीब म्हणतात.

पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. ते मला म्हणाले, "वसुधाबाई, नबुखद्नेस्सर एकवेळ ठीक. काल माझ्यासमोर त्यांनी एका ट्रकवाल्याला हबक्कूक म्हटलं. हबक्कूक संदेष्टा आहे!" मी धोंडिरामला ताकीद दिली की फक्त वाईट राजे घ्यायचे, संदेष्ट्यांना हात लावायचा नाही. त्यानं कान पकडले.

या सगळ्यावर पाळकांना कल्पना सुचली. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. क्रूसावरून प्रभू जे सात उद्गार बोलला, त्यांना आम्ही सात शब्द म्हणतो, आणि एकेका शब्दावर मंडळीतला एकेक जण बोलतो. पाळकांनी धोंडिरामला फोन केला, "दादा, या वर्षी तुम्हाला एक शब्द देतोय. पाचवा."

"एक कित्याक, दोन द्या," धोंडिराम म्हणाला.

मला वाटलं, समजून बोलतोय. कुठलं! त्यानं आपली रविवार शाळेची मुलं पाहिली होती. नाताळात ती ओळीत उभी राहतात, प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठा, आणि एकेक जण एकेक शब्द म्हणून खाली बसतो. त्याला वाटलं हेही तसंच. सात जण ओळीत उभे राहणार, याच्या वाट्याला एक शब्द. इतके रविवार येऊनही उत्तम शुक्रवारी नेमका त्याला धंदा असायचा, कारण सुट्टीच्या दिवशीच लोक घरं बदलतात.

त्याच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तो हातात झावळी घेऊन माझ्याकडे आला. "बाई, माझो शब्द काय तो सांगा. पाठ करून ठेवतंय."

"तहान लागली, हा."

"बस? येवढोच?" खूश झाला. "ह्या झ्याक झाला."

"एवढाच. आणि त्यावर दहा मिनिटं बोलायचं."

झावळी खाली आली. "कोणी?"

"तू. माईकसमोर. एकट्यानं."

"एका शब्दार दहा मिनटां? काय बोलतत लोक?"

"एका शिवीवर तू अर्धा तास बोलायचास की!"

त्याला हसू आलं नाही. खरोखरच घाबरला होता. तोच माईक, तीच जागा, समोर तीच माणसं, आणि सगळ्या वर्षातला तो एकच दिवस, जेव्हा आमच्याकडे खोकलासुद्धा दाबून काढतात. मी म्हटलं, जमत नसेल तर पाळकांना सांग, मी बोलते तुझ्याऐवजी.

"नको," तो म्हणाला. "शब्द दिलंय."

"अरे, शब्द त्यांनी तुला दिला."

"त्यांनी माका दिल्यानी, मी त्यांका दिलंय. आणि बाई..." झावळीची पानं तो एकेक सोलत होता. "त्याच माईकार माझा तोंड घाण झाला. त्याच माईकार साफ झाला तर चेतना येयत. पेटीवरचा कापड काढीत."

हे होतं तर. संध्याकाळी सरळ त्यांच्या घरी गेले.

चेतना पाठ करून भांडी घासत होती. मी म्हटलं, शुक्रवारी ये.

"नाही येणार."

"नवरा बोलणार आहे."

"म्हणूनच नाही येणार." नळ बंद करून ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हाला वाटतं मी त्याच्या शिवीला लाजले? इतकी वर्षं ऐकतेय, माझे कान बधिर झालेत. पण दुसऱ्या रविवारी मी वर्गात गेले होते, माहीत आहे? तुम्हाला कुणाला दिसले नाही. दारातूनच ऐकलं. पोरं नाटक खेळत होती. एक दार पाडत होतं, दुसरं तीच शिवी देत होतं, अक्षरन् अक्षर. माझी पोरं. मी त्यांना स्तोत्रं शिकवली, आणि त्यांना पाठ काय झालं? मी तशीच परत आले."

मी ओट्यावरचं ओलं पातेलं पुसायला घेतलं. म्हटलं, "तो प्रयत्न करतोय."

"रोज सकाळी म्हणतो, आज नाही देणार. मी रोज विश्वास ठेवायचा?"

"मग काय वर्षातून एकदा ठेवणार?"

"तुम्हाला बोलायला काय जातं!" ती म्हणाली, आणि पुन्हा नळ सोडला. नळ सोडल्यावर माणसानं उठावं, एवढं मला कळतं.

तो आठवडा धोंडिरामनं कसा काढला ते त्याचं त्याला ठाऊक. मी त्याला भाषण सांगितलं, सुंदर, तीन मुद्द्यांचं. पहिला मुद्दा त्याला पाठ झाला, दुसरा झाला की पहिला जायचा. शेवटी मीच वैतागले. म्हटलं, उभा राहून शब्द तरी नीट वाच, आणि बस खाली.

उत्तम शुक्रवार उजाडला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. उन्हानं पत्रा तापलेला, पंखे गरम वारा खाली ढकलत होते. पहिले तीन शब्द वेळेत झाले. चौथ्या शब्दाला आमचे एक निवृत्त गृहस्थ होते, ते इतके लांबले की प्रभूलाही वाटलं असेल, आता पुरे. धोंडिराम पहिल्या बाकावर, पांढऱ्या शर्टात, ताठ. सकाळपासून त्यानं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. काहींचा उपास असतो, तसा त्याचाही असेल असं मला वाटलं. नंतर कळलं, उपास वगैरे नव्हता. पाणी प्यायला तोंड उघडलं तर दुसरं काही बाहेर पडेल, या भीतीनं तो सकाळपासून तोंडच उघडत नव्हता. असा हा माणूस.

त्याचं नाव पुकारलं. तो उठला, पायऱ्या चढला, माईकसमोर उभा राहिला. शास्त्र उघडलं. समोर बघितलं, आणि बघतच राहिला. मी मान वळवली. शेवटच्या बाकावर, दाराच्या कडेला, चेतना बसली होती. पिशवी मांडीवर, उठायच्या तयारीत असल्यासारखी. केव्हा आली, कुणाला दिसलं नव्हतं.

"मला," धोंडिराम म्हणाला, "तहान लागली."

आणि थांबला.

ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मागून कुणीतरी पुटपुटलं, "काय विराम घेतलाय बघा! काय विचार असेल त्याच्यामागे!" पाळकांनी डोळे मिटून मान हलवली. पुढच्या रांगेतली एक बाई रुमालानं डोळे पुसायला लागली. मीसुद्धा, जिला त्याचे तिन्ही मुद्दे ठाऊक होते, मनात म्हटलं, बरं जमतंय की.

"लागली," तो पुन्हा म्हणाला. आता नुसता घसा खरडल्याचा आवाज. हातानं त्यानं पुस्तकाची कड घट्ट धरली होती.

आणि मागून चपला वाजल्या. उत्तम शुक्रवारी, सगळे श्वास धरून बसलेले असताना, मधल्या वाटेनं चपला फटफटत कुणी येत नाही. कुणीतरी "शू" केलं. चेतनानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून गुलाबी प्लॅस्टिकची बाटली काढत ती सरळ पुढे आली, पायऱ्या चढली आणि बाटली त्याच्यासमोर धरली.

"घाडी," ती म्हणाली. ती रागात असली की त्याला आडनावानं हाक मारते. माईकनं तेही सगळ्यांना ऐकवलं. "पी आधी. खरंच तहान लागलीय त्याला. कुणाला कळत नाही का?"

तो प्यायला. घटाघट. माईकमधून एकेक घोट ऐकू येत होता. अख्खी मंडळी त्याचं पाणी पिणं ऐकत बसली. बाटली रिकामी झाली, त्यानं बाहीनं तोंड पुसलं, आणि माझे तिन्ही मुद्दे हवेत सोडून आपल्या मालवणीत बोलायला लागला.

"माका बोलाक येणा नाय. माका सांगल्यानी, ह्या शब्दाचो अर्थ सांग. माका येवढोच कळता. देवाच्या झिलान पाणी मागल्यान. सगळो समुद्र ज्येचो, तेणी पाणी मागल्यान. लाज नाय वाटली तेका. आणि मी कोण? मी घाडी. माका वाटायचा मी माझी जीभ माझ्या हातान धरून ठेवीन. सकाळपासून धरलंय. आता बघितल्यात ना काय झाला? हातान धरून रवत नाय. मागूक लागता. रोज. मी आज मागलंय, आणि इथपर्यंत पोचलंय. उद्याचा माका म्हायत नाय. आमेन."

दहा मिनिटं ठरलेली होती. दोनसुद्धा झाली नसतील. चौथ्या शब्दाच्या गृहस्थांनी मान वेळावली. पाळकांना कळेना, आता उठायचं की आणखी काही आहे. झील म्हणजे मुलगा, हे नगरकडच्या मंडळींना माहीत नव्हतं, तेही एकमेकांना विचारत होते. त्या गोंधळात धोंडिराम पायरी उतरला आणि माईकच्या वायरमध्ये त्याचा पाय अडकला.

तो पडला नाही. पण तोंड उघडलं. मी पाहिलं, पूर्ण उघडलं, आणि अख्ख्या चर्चनं श्वास आत ओढला. रविवार शाळेची पोरं एका कोपऱ्यात बसली होती, त्यांचे डोळे चकाकले. धोंडिरामनं चेतनाकडे पाहिलं. तोंड तसंच उघडं. मग हळूच मिटलं. त्यानं वाकून वायर बाजूला केली, नीट गुंडाळून ठेवली, आणि खाली येऊन बसला. तोंडात काय आलं होतं ते देवाला ठाऊक, आणि चेतनाला. पोरांची घोर निराशा झाली.

ती त्याच्या शेजारीच बसली. सहावा शब्द सुरू झाला, सातवा झाला.

उत्तम शुक्रवारी आम्ही न बोलता घरी जातो, तशी पद्धत आहे. पण मला न बोलता कधी घरी जाता आलेलं नाही. आवारात मी चेतनाला गाठलं.

"ईस्टरला येशील? पेटीवर धूळ बसलीय."

"रविवारचं रविवारी बघू," ती म्हणाली. "आजचं आज झालं ना?"

"अगं, पण पोरं..."

"पोरांनी आज काय बघितलं ते त्यांनाच विचारेन. रविवारी. आले तर." आणि मग मागे वळून, "वायर त्यानं छान गुंडाळली, नाही का हो?"

दोघं टेम्पोत चढली. टेम्पोच्या पुढ्यात कुणीतरी स्कूटर आडवी लावून ठेवली होती, अगदी चाकाला चाक भिडवून, आणि मालकाचा पत्ता नाही. धोंडिरामनं काच खाली केली. मान बाहेर काढली. छाती भरून श्वास घेतला.

त्याच्या मांडीवरून हात लांब करून चेतनानं हॉर्न दाबला. चांगला लांबलचक, स्कूटरचा मालक धावत येईपर्यंत.